डावा कान

तौहुआ हा कुत्रा काळा कुळकुळीत होता, आणि तौहुआ म्हणजे खरं तर सोयाबीनच्या दुधाचं पांढरंशुभ्र, मऊ, गोड दही. नाव यिनरूनंच ठेवलं होतं. "यात गंमत आहे, आई, तुला नाही कळायची," असं ती तेव्हा म्हणाली होती. आई कढईसमोरून न हलता म्हणाली होती, "मला एवढंच कळतं, की याची घाण कोण उचलणार."

उचलायची यिनरूच. घाण उचलणं, आंघोळ घालणं, आईच्या गाड्यावरच्या माशाच्या वड्यांतली फुटकी वडी चोरून त्याच्या तोंडात घालणं, सगळं तिचंच. दीड वर्ष झालं होतं त्याला घरी येऊन. कीलुंग शहरातल्या ज्या डोंगरावर ते राहायचे तिथं रस्ता असा नव्हताच, पायऱ्याच पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांवर सदानकदा पाऊस. वस्तीतली लहान पोरं येता-जाता तौहुआची शेपटी ओढायची आणि तो तोंड वर करून, जाऊ दे झालं, असा चेहरा करायचा. म्हणजे स्वभावानं कुत्रा अगदी दह्यासारखाच.

आणि या दह्यानं उन्हाळ्यात दोन कुत्र्यांना चावून फाडलं.

पहिली च्यू काकूंची पुडिंग, जर्दाळूच्या रंगाची, कुरळ्या केसांची, दर रविवारी केस कापून घेणारी. दुसरा औषधाच्या दुकानातला जनरल, हा एवढा मोठा, सोनेरी, आणि नावाला अजिबात न शोभणारा भित्रा. दोन्ही वेळा एकच जागा. संध्याकाळी सहाला कचऱ्याची गाडी पियानोची धून वाजवत पायऱ्यांखाली येते, तेव्हा अख्खी वस्ती एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात कुत्रा घेऊन तिथं उभी असते. आणि दोन्ही वेळा तौहुआची दोरी यिनरूच्या हातात होती.

दुसऱ्या चाव्यानंतर तीन दिवसांनी वस्तीप्रमुख कुओ काका घरी आले. आईनं पुढं केलेल्या वड्या त्यांनी आधी नको नको म्हणत चार खाल्ल्या, मग खिशातून कागद काढला.

"वहिनी, मला काही बोलू नका. च्यू बाईंनी सह्या गोळा केल्यात. बावीस."

"बावीस? एवढ्या लोकांना कुत्रे तरी आहेत का आपल्याकडे?"

"त्यातली एक माझ्या बायकोची आहे," कुओ काका खाली बघत म्हणाले. "तिला मांजरसुद्धा चालत नाही. पण ठरलंय असं, की तिसऱ्यांदा झालं तर कुत्रा वस्तीतून बाहेर. तुमचे भाऊ आहेत ना दक्षिणेला? सुपारीची बाग आहे म्हणे."

यिनरूनं ती बाग पाहिली होती. मामाकडे राखणीला एक कुत्रा होता. झाडाला साखळी, आणि साखळीच्या लांबीचं जमिनीवर एक गोल. त्या गोलात गवताची काडी उगवत नव्हती, एवढं तो कुत्रा वर्षानुवर्षं त्यात फिरला होता. कुओ काका गेल्यावर ती मोरीत जाऊन नळ सोडून रडली, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मग तोंड धुतलं, नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'तौहुआ निर्दोष आहे. पुरावे.'

यिनरू पंधरा वर्षांची होती आणि त्याच वर्षी वक्तृत्वात शहरात दुसरी आली होती. पुरावे गोळा केले की लोक ऐकतात, असा तिचा ठाम समज होता.

पण पुरावे भलतीकडेच जायला लागले. तारीख, दोरी कोणाच्या हातात, समोर कोणता कुत्रा, काय झालं, असे रकाने तिनं आखले होते. आईच्या हातात दोरी असली की काही म्हणजे काही होत नव्हतं. शेजारच्या पोराच्या हातात दिली तरी नाही. तिच्या हातात असली की गुरगुर. आणि पुढं पुढं तर समोर कुत्रा असायचीही गरज राहिली नाही. घराकडे चढताना तिसऱ्या वळणावर, जिथं बंद पडलेलं बर्फगोळ्याचं दुकान आहे, तिथं तौहुआ थबकायचा. मानेपासून शेपटीपर्यंत केसांची एक रेघ उभी राहायची. वरच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघून तो घशातल्या घशात असा आवाज काढायचा, की यिनरूच्या दातांत कळ जायची.

च्यू काकूंनी हे एकदा पाहिलं आणि पुडिंगला उचलून छातीशीच धरलं.

"सातवा महिना लागलाय," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "काळा कुत्रा आहे. भाऊमंडळी दिसत असणार त्याला."

चांद्र वर्षाच्या या महिन्यात भुतं मोकळी फिरतात असं मानतात, म्हणून तिथं कुणी त्यांचं नाव घेत नाही. भाऊमंडळी म्हणतात. दारात त्यांच्यासाठी ताटं मांडतात, ओले कपडे रात्री बाहेर ठेवत नाहीत आणि कुणी मागून खांद्यावर हात ठेवला तर वळत नाहीत. काळा कुत्रा रिकाम्या जागेवर गुरगुरतो म्हटल्यावर वस्तीला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. आठवड्याभरात लोक तिसऱ्या वळणावर उदबत्त्या लावायला लागले. कुणीतरी बिस्किटांचा पुडाही ठेवला.

यिनरूचा यावर विश्वास नव्हता. निदान दिवसा तरी. म्हणून एका शनिवारी दुपारी, पाऊस थांबलेला असताना, ती तौहुआला घेऊन मुद्दाम त्या वळणावर जाऊन उभी राहिली. पायऱ्या रिकाम्या. उदबत्तीची राख ओली. तौहुआ बिस्किटं हुंगत होता. तेवढ्यात तिच्या मनात ती गोष्ट आली, जी या जागी नेहमी यायचीच. लगेच त्याची मान वर झाली आणि केस उभे राहिले.

तिनं घाईघाईनं मनात सतराचा पाढा सुरू केला. सतरा पाचे पंच्याऐंशी, सतरा सक एकशे बारा... नाही, ते एकशे दोन. ती चुकीवर अडखळली आणि तौहुआचे केस खाली बसले. तो परत बिस्किटांकडे वळला.

तिनं पुन्हा ती गोष्ट मनात आणली. केस उभे. पाढा म्हटला. केस खाली. ती एक शब्द बोलत नव्हती, बोट हलवत नव्हती. दोघांच्या मध्ये फक्त चार हात दोरी होती, आणि त्या दोरीतून काहीतरी जात होतं, जसं नळीतून पाणी जातं. पाचव्यांदा करायची तिची हिंमत झाली नाही. तौहुआ वळून तिच्याकडे बघत होता. तिला वाटलं, आता पुढचं काय, असं विचारतोय.

त्याच संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीपाशी आई तौहुआला धरून उभी होती आणि यिनरू पिशव्या घेऊन मागं. पुढं पुडिंग आणि जनरल शेजारी शेजारी बसले होते. जखमा भरल्या होत्या, टाके निघाले होते. यिनरूनं सहज पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी खाली सुटली.

दोघांचा डावा कान फाटलेला होता. एकाच जागी, टोकापासून दोन बोटं खाली, एकाच आकाराची तिरकी खाच. लहान कानावर लहान, मोठ्यावर मोठी. आणि दोघंही पिवळसर.

असा कान तिनं आधी पाहिला होता.

तौहुआच्या आधी त्यांच्याकडे बाओ होता, पांढरा, वाटीएवढा. दोन वर्षांपूर्वी ती शाळेचं खेळाचं जॅकेट घालून, त्याची दोरी धरून पायऱ्या चढत होती. तिसऱ्या वळणावर वर एक पिवळा कुत्रा उभा होता, मोकाट, डाव्या कानात तिरकी खाच असलेला. तो भुंकला नाही. नुसता एकेक पायरी उतरत आला. आणि यिनरूनं दोरी सोडली. सोडली आणि खाली पळत सुटली, मागून आवाज येत होता तरी थांबली नाही. बाओ वाचला नाही. घरी तिनं सांगितलं, दोरी तुटली. सगळ्यांनी तिला जवळ घेतलं. ते जॅकेट तिनं पुन्हा कधी अंगात घातलं नाही. तौहुआ आल्यावर त्याला अंथरायला देऊन टाकलं.

तौहुआनं तो पिवळा कुत्रा कधी पाहिला नव्हता. तो त्या वेळी जन्मलेलाही नव्हता. तरी तो एकामागून एक पिवळे कुत्रे हुडकत होता आणि त्यांचे कान तसे करत होता.

त्या दिवसापासून यिनरूनं तौहुआची दोरी हातात घ्यायचं बंद केलं. पण आता दोरीही लागेना. ती नुसती मागून चालत असली तरी त्याची पाठ ताठ व्हायची. आईनं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी, गुरुवारी, गाडा लवकर बंद केला.

"चल. लान आजीकडे जाऊ या. याची भीती काढून घेऊ."

"आई, कुत्र्याची भीती काढतात का?"

"तुझी काढली होती लहानपणी, तेव्हा तूही चावायचीसच."

लान आजी देवळाच्या बाजूच्या खोलीत बसायच्या. घाबरलेली तान्ही बाळं, अपघातातून उठलेले टॅक्सीवाले, नापास झालेली पोरं, सगळे तिथं यायचे. वाटीत काठोकाठ तांदूळ भरायचे, त्यावर त्या माणसाचा अंगाला लागलेला कपडा घट्ट बांधायचा, ती वाटी डोक्यावरून फिरवत त्याचं नाव, वय, पत्ता देवाला सांगायचा. मग कपडा सोडायचा. तांदळात जो खळगा पडला असेल त्यावरून आजींना कळायचं, की भीती कुठली.

तौहुआला बघून आजी हसल्या. "हे गिऱ्हाईक बिनकपड्याचं आहे. कशावर झोपतो?"

"एक जुनं फडकं आहे," आई म्हणाली. "यिनरू, पळ, घेऊन ये."

यिनरू जॅकेट घेऊन आली. निळा रंग विटलेला, छातीवरचं विणलेलं नाव तौहुआनं चघळून कधीच काढून टाकलेलं. तिला वाटलं, सांगावं. पण आई घाईत होती, आजींनी हात पुढं केला होता, आणि असंही वाटलं, की दीड वर्ष झालं, आता ते त्याचंच आहे.

आजींनी वाटी बांधली. तौहुआच्या डोक्यावरून तीन वेळा फिरवली. "तौहुआ, वय पावणेदोन, राहणार पायऱ्यांची वस्ती, घर क्रमांक एकतीस," त्या पुटपुटल्या. मग भीती याचीच का, असं विचारून अर्धचंद्राचे दोन लाल लाकडी तुकडे जमिनीवर टाकले. दोन्ही पालथे पडले. म्हणजे नाही. पुन्हा टाकले. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा एक तुकडा थोडा वेळ कडेवर उभा राहिला, आणि मग तोही पालथा झाला.

आजींचं हसू गेलं. त्यांनी कपडा सोडला. काठोकाठ भरलेल्या तांदळात एका बाजूनं पायऱ्या पडल्यासारखे थर उतरले होते. आजींनी वाटी उजेडात धरली.

"हा घाबरलेला नाहीच," त्या म्हणाल्या. "याला भीती सांभाळायला दिलीय कुणीतरी. पायऱ्या आहेत. वर काहीतरी पिवळं आहे. आणि खाली कुणीतरी पळतंय." त्यांनी बोटानं वाटीच्या तळाकडचा एक लहान खळगा दाखवला. "पळणारे पाय दोनच आहेत. चार नाहीत."

आई वाटीकडे न बघता यिनरूकडे बघत होती.

"दोरी तुटली नव्हती," यिनरू म्हणाली. वक्तृत्वाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी सोडली."

खोलीत उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. तौहुआ आजींच्या पायाशी आडवा झाला आणि झोपला.

"माहितीये मला," आई म्हणाली.

"काय?"

"दोरी मीच धुऊन ठेवली ना. अख्खी होती ती."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहिली. मग वड्या, गाडा, तुझ्या परीक्षा." आईनं बाहीनंच नाक पुसलं. "राहून गेलं."

आजींनी जॅकेट झटकलं. कुत्र्याचे काळे केस उडाले. "ज्याचं आहे त्यानं अंगात घालावं," त्या म्हणाल्या आणि यिनरूपुढं धरलं. "आणि दोरी सैल धर. आता तू घाबरशील, पोरी. खूप घाबरशील. आजवर तो तुझ्या वाटचं घाबरत होता."

"किती दिवस?"

"ते मला तांदळात दिसत नाही."

जॅकेटच्या बाह्या मनगटाच्या वरपर्यंतच आल्या. आत ओलसर ऊब होती, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी. देवळाबाहेर पाय ठेवला आणि यिनरूला थंडी वाजायला लागली. ऑगस्टमध्ये. प्रत्येक दाराच्या आडोशाला, प्रत्येक गाडीखाली काहीतरी आहे असं वाटत होतं. तौहुआ मात्र तिच्या बाजूनं उड्या मारत चालला होता, एखादं ओझं उतरवून ठेवल्यासारखा.

खाली पोचेपर्यंत सहा वाजले. पियानोची धून सुरू झालेली होती. वस्ती उभी होती. च्यू काकूंनी यिनरूच्या हातात दोरी पाहिली आणि पुडिंगला मागं ओढलं.

"कुओ साहेब, बघा. पुन्हा हीच पोरगी घेऊन आली. म्हणजे तिसऱ्यांदा होऊनच जाऊ दे, असं आहे का यांचं?"

"बाई, जरा थांबा," कुओ काका पिशवी सावरत म्हणाले, पण तेही दोन पावलं मागं झाले.

यिनरू दोरी हाताला तीन वेढे देऊन धरायची. आज तिनं एकेक करून वेढे सोडले. दोरी नुसती तळव्यावर राहिली. समोर पुडिंगचा फाटका कान होता. दात वाजू नयेत म्हणून तिनं ओठ चावला. ही सगळी भीती होती, तिनं दोन वर्षं जिला पाठ दाखवली होती ती. आता ती जॅकेटच्या आत, तिच्या कातडीला लागून बसली होती. पण दोरीतून काही जात नव्हतं.

तौहुआ पुढं झाला. मान खाली, केस सपाट. त्यानं पुडिंगचं नाक हुंगलं, मग कान हुंगला, खाचेपाशी जरा जास्त वेळ. पुडिंग थरथरली. मग तौहुआनं शिंक दिली आणि शेपटी हलवली, आणि पुडिंगनं, तिच्या रविवारच्या केशभूषेला न शोभेल अशा रीतीनं, त्याच्या पोटाखाली नाक घातलं.

गाडीवाल्यानं विचारलं, "अहो, कचरा टाकायचाय का नुसतं बघायचंय?"

"औषध दिलंत का याला?" च्यू काकूंनी संशयानं विचारलं.

"दिलं," आई म्हणाली. "मुलीला दिलं."

काकूंना ते कळलं नाही, पण कुत्री खेळायला लागली म्हटल्यावर त्यांना फार ओढून धरता येईना. "महिनाभर बघू," त्या म्हणाल्या. "सह्या माझ्याजवळच ठेवते."

"ठेवा, ठेवा," कुओ काका म्हणाले. "फक्त माझ्या बायकोला सांगू नका की मी काही बोललो नाही."

म्हणजे तौहुआ राहणार होता. निदान महिनाभर, आणि यिनरूला कळत होतं, की पुढंही. तिला नाचावंसं वाटायला हवं होतं. ती आईच्या मागून पायऱ्या चढायला लागली. पावसाची भुरभुर सुरू झाली, आईनं छत्री उघडली, घराघरांत दिवे लागत होते. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं.

तिसऱ्या वळणावर कुणीतरी ताज्या उदबत्त्या लावल्या होत्या. यिनरूनं वर पाहिलं.

वरून पाचव्या पायरीवर तो उभा होता. पिवळा, भिजलेला, डावा कान फाटलेला. भुंकत नव्हता. तौहुआ उदबत्तीशेजारचं बिस्किट खात होता. त्यानं मान वर केली, सरळ त्या पायरीकडे पाहिलं, आणि तिथं काहीच नसल्यासारखा परत खायला लागला.

पिवळा एक पायरी उतरला. नखांचा आवाज स्पष्ट आला. मग आणखी एक.

तिचे पाय वळले होते. टाचा उचलल्या होत्या. खाली सगळी वाट मोकळी होती, आणि दोरी तळव्यावर होती, बोटं उघडली की सुटेल अशी. तिनं बोटं उघडली नाहीत, आवळलीही नाहीत. ती भिंतीकडे सरकली आणि तौहुआला हलकेच आपल्या बाजूला घेतलं, रस्त्यात वाट अडू नये एवढंच.

पुढं गेलेली आई थांबली. "काय झालं? कुणाला वाट देतेस?"

"एक जण खाली येतोय," यिनरू म्हणाली. आवाज फुटला, पण शब्द पूर्ण झाले. "जाऊ दे त्याला."

आईनं वरच्या पायऱ्यांकडे पाहिलं. तिला काय दिसलं, काही दिसलं का, ते यिनरूला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण आईनं छत्री मिटली, दोन पायऱ्या उतरून आली आणि लेकीशेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दोघींच्या खांद्यावर पाऊस पडत होता.

ओल्या केसांचा वास जवळ आला. यिनरूच्या गुडघ्याला काहीतरी घासून गेलं, गार आणि जड. आईनं पाय मागं घेतला. मग नखांचा तो आवाज त्यांच्या खालच्या पायरीवर गेला, त्याच्या खालच्या, आणि उतरतच राहिला, घाई न करता, गाडीच्या धुनेच्या दिशेनं.